शिलेदार, बारगीर आणि मोतद्दार

आमच्या घरात माणसे पाच आणि घोडी एक. शिधापत्रिकेवर नावे पाचांचीच आहेत. पण हरभरा, भुसा आणि कडबा यांचा हिशेब निघाला की सहावीचे नाव सर्वांच्या आधी घ्यावे लागते. तिचे नाव बिजली. नाव बिजली असले तरी चाल मात्र गोगलगाईची! कारण ती वरातीची घोडी आहे, आणि वरातीच्या घोडीला घाई करून चालत नाही. नवरदेवाच्या मित्रांचे नाचून होईपर्यंत तिला एकाच जागी पाय आपटत उभे राहावे लागते. 'वरातीमागून घोडे' अशी म्हण आपल्या भाषेत आहे खरी. पण आमचे पोट वरातीपुढच्या घोड्यावर चालते, आणि त्या घोड्याचा लगाम धरून माझे अण्णा चालत असतात. लग्नाच्या फोटोत नवरदेव येतो, झूल घातलेली बिजली येते. अण्णांचा मात्र फार तर हात येतो.

माझे आजोबा टांगा हाकायचे. रेल्वे स्टेशन ते शहागंज, शहागंज ते छावणी अशा त्यांच्या फेऱ्या असत. रिक्षा वाढल्या, टांगे बसले. अण्णांनी टांगा मोडला आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून एक पांढरी शिंगी आणली. तीच ही बिजली. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कोणी गेले नव्हते. मी गेले. प्रवेशाच्या अर्जावर 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यात काय लिहावे असे मी अण्णांना विचारले, तेव्हा ते क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "लिही, घोडा." मी तसेच लिहिले. अर्ज घेणाऱ्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिले आणि शिक्का मारला.

तेव्हा वाचकहो, ज्या विषयावर मी लिहायला बसले आहे, तो 'हौशी घोडेस्वारी आणि तिच्या राष्ट्रीय स्पर्धा' हा विषय माझ्यासारखीने का निवडावा, असे तुमच्या मनात आले तर ते साहजिक आहे. घोडेस्वारी हा श्रीमंतांचा खेळ, असे आपण सारेच ऐकत आलो आहोत. पण मला त्या खेळाची ओढ लागली ती श्रीमंतीमुळे नव्हे. त्याचे मूळ आमच्या इतिहासाच्या तासात आहे.

गेल्या वर्षी सरांनी मराठ्यांचे लष्कर शिकवले. घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याचा घोडा आणि हत्यारे स्वतःची, तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारच्या पागेतून मिळे, तो बारगीर. शिवाजी महाराजांचा भर पागेवर होता. घोडा सरकारचा असला म्हणजे स्वार हुकमात राहतो, हे त्यामागचे धोरण. सभासदाच्या बखरीत तर पागेची सगळी रचनाच दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. सर पुढे निघून गेले. मी मात्र त्या पखालजीपाशी आणि नालबंदापाशी थांबले. कोण असतील ती माणसे? त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. पण निदान त्यांची गणती तरी केली. घोड्याला पाणी लागते, नाल लागते, आणि ते देणारा माणूस लागतो, हे राज्य चालवणाऱ्याच्या ध्यानात होते.

त्या रात्री जेवताना मी हे सारे घरी सांगितले. आमच्याकडे कॉलेजातले शिकलेले घरी सांगण्याची पद्धत पडली आहे. एका फीमध्ये पाचजण शिकतात! अण्णा म्हणाले, "मंग म्या कोन गं? बारगीर का?"

मी म्हटले, "नाही अण्णा. घोडी तुमची स्वतःची आहे. तुम्ही शिलेदार!"

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई म्हणाली, "शिलेदार, हरबऱ्याचे पैसे द्या आधी दुकानात."

खरे तर आमचे हे शहरच घोड्यांच्या टापांवर वसलेले आहे. १६१० साली मलिक अंबरने खडकी वसवली, आणि त्याच्या गनिमी काव्याच्या लढाईत मराठा बारगिरांचा मोठा वाटा होता. पुढे खडकीचे औरंगाबाद झाले, आता छत्रपती संभाजीनगर झाले. छावणीत निजामाच्या नावाने इंग्रजांनी उभे केलेले घोडदळ राहत असे. १८५७ च्या जूनमध्ये त्यातल्या स्वारांनी आपल्याच लोकांवर चाल करून जायला नकार दिला, आणि काळ्या चबुतऱ्यावर त्यांना देहदंड भोगावा लागला. आज तिथेच क्रांती चौक आहे आणि महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. आम्ही रोज त्याखालून सिटी बसने जातो. घोडा असा आपल्या डोक्यावर, चौकात आणि म्हणींत आहे. फक्त मांडीखाली नाही.

माझा मामा मुंबईत महालक्ष्मीच्या तबेल्यांत मोतद्दार आहे. तिकडे त्याला सईस म्हणतात. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी त्याच्याकडे गेले होते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर शर्यती होतात हे सर्वांना ठाऊक असते. पण तिथेच १९४२ पासून हौशी घोडेस्वारांचा एक क्लब आहे, अॅमेच्युअर रायडर्स क्लब, हे मला तिथे गेल्यावर कळले. मामाने मला पहाटे साडेपाचला उठवले. "चल, तुला हौशी मान्सं दावतो," म्हणाला.

ती पहाट मी विसरणार नाही. धुके नव्हते, मुंबईला ते कुठले! पण दमट हवेत घोड्यांच्या अंगाची वाफ दिसत होती. शाळकरी मुले-मुली, एक प्रौढ बाई, एक पिकल्या केसांचे गृहस्थ असे सारे डोक्यावर टोप चढवून रिकिबीत पाय ठेवत होते. कोणाचा घोडा स्वतःचा होता, तर बरेचजण क्लबच्या घोड्यावर शिकत होते. माझ्या मनात चटकन आले, अरे, हे तर बारगीर! गाडीतून उतरलेले, इंग्रजी बोलणारे. पण घोडा पागेचा, म्हणजे बारगीरच. आणि आमचे अण्णा, रबरी चपला घालून बँडपुढे चालणारे, ते शिलेदार! सरांच्या त्या दोन शब्दांनी माझ्या डोळ्यांपुढचे जग असे उलटेपालटे केले.

मामाने मला एकेक घोडा दाखवला. आपल्या देशातल्या क्लबांतले पुष्कळ घोडे आधी शर्यतीत पळालेले असतात. शर्यतीतून निघाले की त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवतात. जो जन्मभर फक्त पुढे सुसाट पळायला शिकला, त्याला थांबायला, वळायला, हळू चालायला शिकवायचे म्हणजे किती धीराचे काम! मामा म्हणाला, "रेस सुटली म्हंजे घोडं म्हातारं होत नाई पोरी, बेकार होतं. त्याला दुसरं काम लावून द्यावं लागतं." आमच्या गल्लीतल्या कितीतरी पदवीधर मुलांचे चेहरे मला त्या वेळी आठवले.

हा खेळ नेमका असतो कसा, हेही मामानेच मला समजावले. ड्रेसाज म्हणून एक प्रकार असतो. वीस मीटर रुंद आणि साठ मीटर लांब असे मैदान. त्याच्या कडेने अक्षरे लावलेली. या अक्षरापासून त्या अक्षरापर्यंत दुडक्या चालीने जा, इथे गोल फिर, तिथे थांब, अशी ठरलेली रचना स्वाराने करून दाखवायची. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण. स्वाराने घोड्याला केलेल्या खुणा दिसता कामा नयेत. तोंडाने चुचकारले तरी गुण जातात. दुसरा प्रकार अडथळ्यांवरून उड्यांचा. रचलेला एक बांबू पडला की चार दोषगुण, घोडा अडथळ्यापुढे अडला तरी चार, आणि स्वार पडला तर खेळ संपला. तिसरा प्रकार इव्हेंटिंग. त्यात ड्रेसाज, रानातली दौड आणि उड्या अशा तिन्ही परीक्षा त्याच जोडीने द्यायच्या असतात.

वरच्या दर्जाच्या ड्रेसाजमध्ये घोडा एकाच जागी उभा राहून दुडकी चालतो. त्याला पिआफ म्हणतात आणि तो शिकवायला वर्षे लागतात. मामाने मला मोबाईलवर ते दाखवले आणि डोळे मिचकावून म्हणाला, "वळख पाहू! आपली बिजली बँडवर काय करती?" मी हसले, पण नंतर बराच वेळ त्याचाच विचार करीत राहिले. बिजली जे ताशाच्या कडकडाटात करते, तेच तो घोडा शांततेत, स्वाराच्या पायाच्या नुसत्या दाबाने करीत होता. शरीर तेच, चाल तीच. एकीकडे वरात, दुसरीकडे ऑलिंपिक. मधले अंतर कशाचे? शिकवणाऱ्या हातांचे, वेळेचे आणि अर्थातच पैशाचे.

'हौसेला मोल नाही' असे आपण म्हणतो. हौशी नाट्यसंघात ते खरेही असेल. आपल्या कॉलेजच्या एकांकिकेला आम्ही पडदा एकाकडून आणला, पेटी दुसऱ्याकडून आणि राजाचा शेला आईच्या ट्रंकेतून. पण घोडा असा मागून आणता येत नाही. तो सुटीच्या दिवशीही खातो, स्पर्धा नसली तरी खातो, आजारी पडला तर जास्तच खर्च मागतो. हौशी माणूस संध्याकाळी घरी जातो. घोडा तबेल्यातच असतो. तेव्हा एका माणसाची हौस टिकायची तर दुसऱ्या कोणाची तरी नोकरी तिथे चोवीस तास लागते. ती नोकरी माझ्या मामाची.

मी तिथे असतानाच बंगळूरच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी घोडे निघण्याची तयारी चालू होती. मुंबईहून बंगळूर सुमारे एक हजार किलोमीटर. मुले विमानाने जाणार, घोडे ट्रकने. घोड्यांबरोबर सईस. ट्रकमध्ये गवत पसरले, पाण्याची पिंपे चढवली, घोड्यांच्या पायांना पट्टे बांधले. एक उंच तपकिरी घोडा फळीवर पाय ठेवायलाच तयार होईना. चौघांनी ओढले, मागून रेटले, व्यर्थ! शेवटी मामाने सगळ्यांना बाजूला केले, दोरी सैल सोडली आणि स्वतः आधी चढून ट्रकात पाठमोरा उभा राहिला. दोन मिनिटे गेली असतील. घोडा आपणहून वर गेला आणि मामाच्या खांद्यावर तोंड टेकून थांबला. मामा मागे न वळताच म्हणाला, "फळकं लावा." या विद्येला पदवी नाही, पदक नाही. ती आमच्या आजोबांनी त्याला टांग्याच्या घोड्यावर शिकवली होती.

स्पर्धेच्या दिवसांत मामाचा रोज फोन येई. पहिल्या दिवशी पशुवैद्यांनी घोडे चालवून, पळवून पाहिले. त्यात लंगडताना दिसला तर घोडा स्पर्धेबाहेर. आदल्या रात्री मामा झोपलाच नव्हता. प्रवासात त्या तपकिरी घोड्याचा एक पाय जरा तापला होता. रात्रभर त्यावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवत तो बसला होता. सकाळी घोडा ताठ चालला. "पास झालं गं माझं लेकरू," मामा फोनवर म्हणाला. मला आमच्या मौखिक परीक्षेची आठवण झाली.

उड्यांच्या दिवशी संध्याकाळी मी विचारले, "मामा, काय झाले? नंबर आला?"

मामा म्हणाला, "चारी पाय शाबूत हायेत."

मी पुन्हा विचारले, "अरे, पण निकाल?"

"एक बांबू पडला. चार गेले. पदक हुकलं. पोरगं रडलं जरासं, मंग घोड्याला गाजर देऊन गेलं. चांगलं पोरगं हाये." मग थोडे थांबून तो पुन्हा म्हणाला, "पन चारी पाय शाबूत हायेत बघ."

निकालाच्या फलकावर प्रत्येक ओळीत दोन नावे असतात. एक स्वाराचे, एक घोड्याचे. दुसऱ्या कोणत्या खेळात मुक्या जनावराचे नाव असे माणसाच्या बरोबरीने लागते? ही फार सुंदर गोष्ट आहे. पण मला वाटत राहते की त्या ओळीत तिसऱ्या नावापुरती जागा रिकामी आहे. बखरीने पखालजी आणि नालबंद मोजले. आमच्या फलकाला अजून तेवढे जमलेले नाही.

ही केवळ आपल्याकडची कथा नाही. आपल्या ग्रंथालयात बसून मी या खेळाचा इतिहास शोधला, तेव्हा मला एक चमत्कारिक गोष्ट सापडली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक स्वीडनने जिंकले. पुढल्या वर्षी ते काढून घेण्यात आले. कारण काय, तर संघातला गेह्नाल पेर्सन हा अधिकारी नव्हता, साधा सार्जंट होता! स्पर्धेपुरती त्याला बढती दिली होती आणि नंतर परत खाली उतरवले होते. अधिकारी तेवढा हौशी, आणि खालच्या हुद्द्याचा मात्र पोटासाठी घोड्यावर बसणारा, असा त्या काळचा न्याय होता. म्हणजे 'हौशी' हा शब्द मुळात एक कुंपण होता. चांगला स्वार कोण, हा प्रश्नच नव्हता. कोणाच्या हौसेला हौस म्हणायचे, हा प्रश्न होता. पुढे नियम बदलला, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्याच तिघांच्या संघाने, पेर्सनसह, पुन्हा सुवर्णपदक जिंकले. चार वर्षांत ना तो माणूस बदलला होता, ना त्याची मांड. बदलले होते ते कुंपण.

त्याच १९५२ साली ड्रेसाज स्त्रियांना खुले झाले. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला होता. गुडघ्यांखाली पायांत शक्ती उरली नव्हती. घोड्यावर चढायला-उतरायला त्यांना दुसऱ्याची मदत लागे. त्यांनी पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवले, आणि १९५६ मध्ये पुन्हा मिळवले. आज ऑलिंपिकमधला हा असा खेळ आहे की ज्यात स्त्री आणि पुरुष एकाच रांगेत, एकाच निकषावर उभे असतात. घोड्याला दोन्ही सारखेच. हे वाचले तेव्हा मला बिजली आठवली. तिच्या पाठीवर आजवर शेकडो नवरदेव बसले. नवरी मात्र अलीकडे दोनदाच बसली, आणि दोन्ही वेळा बघ्यांची गर्दी झाली. मी तिला लहानपणापासून पाण्यावर नेते, तेही खोगिराशिवाय. पण ते 'बसणे' कोणी मोजत नाही, कारण ते काम असते.

आपल्या देशाचे पाहा. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये हा खेळ आशियाई स्पर्धांत प्रथमच आला आणि भारताने त्यात तीन सुवर्णपदके मिळवली. इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्णपदक रघुबीर सिंग यांचे होते, एकसष्टाव्या घोडदळातले, शिपाईपेशाचे. त्यांना पुढे पद्मश्री मिळाली. लष्करातल्या स्वाराचा घोडा सरकारचा असतो. म्हणजे आपले ते पहिले सुवर्णपदक एका बारगिराचे! त्यानंतर सुवर्णपदकाला एकेचाळीस वर्षे लागली. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊला अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला या चौघांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक आणले. दोन मुलगे, दोन मुली. हृदय मुंबईचा, सुदीप्ती इंदूरची. कोवळ्या वयात घर सोडून ते युरोपात राहिले, तिथे शिकले. त्यांचे घोडेही तिथलेच. भारतातून घोडा परदेशी नेणे रोगप्रतिबंधक नियमांमुळे फार अवघड होते. २०२५ च्या जुलैत मीरतच्या लष्करी केंद्राला घोड्यांचे रोगमुक्त क्षेत्र म्हणून जागतिक मान्यता मिळाली. तेव्हा कुठे ती वाट उघडू लागली आहे. या चौघांच्या कष्टाला माझा नमस्कार आहे. पण ज्याच्या घरी युरोपात घोडा ठेवण्याची ऐपत आहे त्यालाच ती वाट धरता येते, हेही तितकेच खरे. ते आजचे शिलेदार.

माझे म्हणणे एवढेच आहे. शिलेदार आपल्या ऐपतीवर पुढे जातील, त्यांनी जावेच. पण ज्या देशात बारगीर तयार होत नाहीत, त्या देशात स्वार कोण होणार हे जन्मावरच ठरते. बारगीर व्हायला पागा लागते. क्लब ही एक पागा आहे, पण तिच्या फाटकापर्यंत पोचायलाही मुंबई लागते. लष्कर ही दुसरी. आणि तिसरी आपल्या जवळची आहे. एन.सी.सी.मध्ये रिमाउंट अँड व्हेटरनरी अशी घोड्यांची शाखा असते. तिथे छात्रांना सरकारी घोड्यावर बसायला शिकवतात. आपल्या महाविद्यालयात एन.सी.सी. आहे, घोडा नाही. मराठवाड्यात घोडा नाही असे मात्र कोणी म्हणू नये. माळेगावला जाऊन पाहावे! धनगरांच्या वाड्यांबरोबर हिंडणारा आपला भीमथडी घोडा तर २०२३ मध्ये स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंदला गेला. घोडे आहेत, घोड्यात जन्म काढलेली माणसे आहेत, घोड्यावर बसू पाहणारी मुलेमुली आहेत. घोडे कुठे पेंड खाते आहे, ते प्राध्यापक मंडळींनी मला सांगावे.

आता घरचे सांगते. वरातीला आता रथ येतात, जुन्या मोटारी येतात, कर्कश डी.जे. येतात. बिजलीला तो आवाज सोसत नाही, ती थरथरते. कामे निम्म्यावर आली आहेत. या वर्षी म्हैसमाळकडचा एक माणूस तिला बघून गेला, दात मोजून गेला, किंमतही सांगून गेला. रात्री अण्णा मला म्हणाले, "इकून टाकावी म्हन्तो. तुझं तिसरं वरीस त्याच्यात निघंन."

मी गप्प राहिले. माझे पुस्तक की तिचा तोबरा, असा तो हिशेब होता. आणि तो माझ्या नावाने मांडला जात होता, हे मला सोसवेना. दुसऱ्या दिवशी मी 'कमवा व शिका' योजनेत नाव घातले. आता रोज दोन तास ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक लावते. त्यात पूर्ण फी निघत नाही; पण हरभरा निघतो. अण्णांना मी एवढेच म्हटले, "माझ्यासाठी विकू नका. तुम्हाला झेपत नसेल तर विका." अण्णा म्हणाले, "लगीनसराई सरंस्तोर बघू."

तोवर मी एक उद्योग केला आहे. ड्रेसाजचे छोटे मैदान वीस बाय चाळीस मीटरचेही असते. छावणीकडच्या एका मोकळ्या माळावर मी पावलांनी तेवढे अंतर मोजले आणि आठ विटा मांडल्या. इंग्रजी अक्षरांऐवजी विटांवर खडूने आपली अक्षरे काढली. रोज सकाळी बिजलीला तिथे नेते. मामाने फोनवर सांगितल्याप्रमाणे रिकिबी न वापरता बसते; मांड त्याशिवाय पक्की होत नाही म्हणे. 'क'पासून 'ग'पर्यंत सरळ रेषेत जाणे, ऐकायला किती सोपे! महिनाभर आमची रेषा नदीसारखी वळत होती. आता ती कालव्याइतकी सरळ झाली आहे. ताशा नाही, बँड नाही; बिजली कान टवकारून माझ्या पायाचे ऐकते. तिला हे आवडते की नाही, मला माहीत नाही. पण ती थरथरत नाही.

मागच्या आठवड्यात गल्लीतल्या दोन मुली बघायला आल्या. सातवी-आठवीतल्या. बराच वेळ कुजबुजल्या, मग एकीने विचारले, "ताई, आमी बसू का?" मी अण्णांकडे पाहिले. शिलेदार ते आहेत, परवानगी त्यांचीच हवी. अण्णा काही बोलले नाहीत. पुढे झाले, तिला उचलून पाठीवर बसवले, लगाम हातात घेतला आणि चालू लागले. "पाठ ताठ ठेव पोरी," एवढेच म्हणाले.

मी मोबाईलवर त्यांचा फोटो काढला. अण्णा पूर्ण येतील एवढी मागे सरकून काढला.

लग्नसराई आणि आमची वार्षिक परीक्षा नेहमी एकाच वेळी येतात. यंदाही तसेच आहे. म्हैसमाळचा माणूस आषाढात पुन्हा यायचा आहे. त्याला काय उत्तर द्यायचे ते आमच्या घरात अजून ठरलेले नाही. उद्या सकाळी सहाला मात्र दोघी मुली माळावर येणार आहेत, आणि त्यांनी येताना तिसरीला आणले तर चालेल का, असे विचारले आहे.